दोर आणायला गेलेल्या माणसाचा समुद्र

केरकेन्ना बेट,
१२ सप्टेंबर

चि. रबाब हिस,

थप्प-थप्प… थप्प.

तुझ्या मासेमारी खात्याच्या कचेरीचं पाकीट उघडलं आणि का कोण जाणे, आधी हा आवाज कानात आला. आम्ही लहानपणी या आवाजानं जागे व्हायचो. किनाऱ्यावरच्या खडकांवर गावभरचे बाप ऑक्टोपस आपटून मऊ करत असायचे. डोळे न उघडता सांगता यायचं, हा कुणाचा हात. माझ्या वडिलांचा ठेका संथ, पाढे म्हटल्यासारखा. पुढे तुझा बाप, माझा भाऊ हमादी, आपटायला लागला; त्याचे ठोके मात्र दोन घाईचे आणि तिसरा उशिराचा, जणू मधेच त्याला काही आठवलं. वडील ओरडायचे, "अरे, ऑक्टोपस आपटतोयस की कुणाचं दार ठोठावतोयस?"

आता सगळे ऑक्टोपस समोरच्या किनाऱ्यावर, स्फाक्सच्या कारखान्यात जातात आणि तिथे यंत्राच्या पिंपात गरगरून मऊ होतात. पहाट मुकी झाली. मी अजून त्याच वेळेला जागा होतो आणि काही ऐकू येत नाही म्हणून उठून बसतो.

असो. तुझी सूचना गावाला वाचून दाखवली. 'ऑक्टोपस व्यवस्थापन समिती' स्थापन झाली आणि अध्यक्ष मी झालो. हुरळून जाऊ नकोस. माझ्याकडे ना होडी, ना ऑक्टोपस धरायची मडकी, ना समुद्र. शाळेत नोकरी लागली तेव्हा माझ्या वाटणीचा समुद्र मी हमादीला देऊन टाकला होता. फरजानी सभेत म्हणाला, "मास्तरच बरे. चोरायला त्यांच्याकडे काही नाही आणि चोरायचं कसं ते त्यांना माहीत नाही." टाळ्या पडल्या.

तू फोन कर म्हणतेस. फोनवर मला माझाच आवाज ऐकू येतो आणि तो फार म्हातारा वाटतो. पत्रात मी अजून तरुण आहे.

तुझा,
खलीफाकाका


स्फाक्स,
२० सप्टेंबर

प्रिय काका,

अध्यक्षपदाबद्दल अभिनंदन. आता आवाज बाजूला ठेवा आणि नीट वाचा.

उथळ समुद्रातले ऑक्टोपस संपत चाललेत. लोक मडकी सोडून प्लास्टिकचे डबे, टायर, सिमेंटचे ठोकळे टाकतात आणि तळहाताएवढं पिल्लूसुद्धा उचलतात. एका कंपनीनं आमच्या साहेबांकडे तो अख्खा उथळ पट्टा भाड्यानं मागितला आहे. तिचे लोक तळ खरवडणारं जाळं ओढणार. साहेबांचं मन तिकडेच होतं. मी भांडून एक संधी मिळवली: गावानं स्वतःची योजना दिली, तर पट्टा गावाकडे राहील. ३१ डिसेंबरपर्यंत योजना पुरी नसेल, तर तो कंपनीला. मग बेटावरची मडकी जैतुनाची फळं मुरवायला घ्या.

काम सोपं आहे. मासेमारी फक्त मातीच्या मडक्यांनी. लहान ऑक्टोपस परत पाण्यात. आणि मुख्य म्हणजे समुद्राचा एक मोठा तुकडा या हंगामात पूर्ण बंद, म्हणजे तिथे ते वाढतील आणि आजूबाजूला पसरतील. तुकडा कुणाचा ते तुम्ही ठरवायचं, पण मालकाची सही हवीच. तुमच्याकडे समुद्राला शेतासारख्या हद्दी आहेत, हे साहेबांना अजून खरं वाटत नाही.

माझी ही पहिली योजना आहे, काका. कचेरीत सगळे ती बुडायची वाट बघतायत.

तुमची,
रबाब


केरकेन्ना बेट,
५ ऑक्टोबर

चि. रबाब,

कोण म्हणतं माणूस स्वार्थी आहे? त्यानं आमच्या सभेला यावं.

मी विचारलं, "समुद्र कोण बंद ठेवणार?" एकही हात खाली राहिला नाही. प्रत्येकानं बोट दाखवलं, शेजाऱ्याकडे. फरजानी म्हणाला, "सालमचा समुद्र बंद करा, तो तसाही घोरत पडलेला असतो." सालम म्हणाला, "फरजानीचा करा. त्याच्या मडक्यात शिरायला ऑक्टोपसलाही लाज वाटते." महबूबाखाला, जी या वयातही कमरेएवढ्या पाण्यात हातात आकडा घेऊन चालतच ऑक्टोपस धरते, ती उभी राहिली. "मेल्यांनो, तुम्हा सगळ्यांचाच बंद करा. मी एकटी धरते, मला काही व्यवस्थापन लागत नाही."

मग मी त्यांना सहावीच्या पुस्तकातल्या त्यागाच्या कवितेचा अर्थ समजावून सांगितला. काही जण डोळे मिटून ऐकत होते. जागे झाल्यावर त्यांनी एकमतानं ठराव केला.

पूर्वेचा मोठा तुकडा बंद. खजुराच्या फांद्यांच्या कुडापलीकडचा, सगळ्यात उत्तम, सगळ्यांना त्याचा हेवा. मालक सध्या गावात नसतो, पण त्याची काही हरकत नाही. म्हणजे त्यानं ती कधी घेतलेली नाही.

काम झालं, पोरी. शेवटच्या ठरावाच्या वेळी खिडकीतून असा काही उजेड आला, की मला शाळेतला बक्षीस समारंभ आठवला.

तुझा,
खलीफाकाका


स्फाक्स,
११ ऑक्टोबर

प्रिय काका,

साहेबांनी ठराव दोनदा वाचला आणि चष्मा पुसला. मी दिवसभर जमिनीवर चालत नव्हते.

दोन गोष्टी उरल्या. एक, मालकाची सही. तो कुठे का असेना, कागद पाठवून आणा. मालक हयात नसेल तर वारसांची चालेल.

दुसरी, इटलीला माल पाठवणारी खरेदीदार कंपनी चांगला भाव द्यायला तयार आहे, पण तिला प्रत्येक पेटीवर त्या ऑक्टोपसची हकिकत हवी: कुठल्या समुद्रातला, कसा धरला, त्या गावानं समुद्रासाठी काय केलं. तिकडचं गिऱ्हाईक हल्ली वाचून खातं. चार ओळी तुम्ही लिहा. फक्त चारच, काका.

रबाब


केरकेन्ना बेट,
२ नोव्हेंबर

चि. रबाब,

सही थेट तुमच्या कायदा विभागाकडे पाठवली आहे. मालक हयात नसल्याचं समितीनं ठरवलं, म्हणून सर्वांत जवळच्या वारसाची घेतली. अक्षर थोडं माझ्यासारखं वाटेल. गावात सगळ्यांना मीच लिहायला शिकवलं.

बिचाऱ्याचं चाळिसाव्याचं जेवणही घातलं. त्याला जाऊन इतका काळ झाला, की चाळीस दिवस मोजायचं कारण नव्हतं. तो नेमका कधी वारला यावर थोडी चर्चा झाली. गुरुवारी सगळ्यांना सवड होती, म्हणून गुरुवार ठरला. हंगाम उघडला होताच. वाफवलेल्या रव्याच्या कुसकुसवर ऑक्टोपस असा लुसलुशीत झाला होता, की सालमनं तीनदा वाढून घेतलं आणि प्रत्येक वेळी "फार भला माणूस होता" म्हणाला. महबूबाखालानं असा गळा काढला, की शेजारच्या गावातून लोक धावत आले. मधेच हुंदका थांबवून तिनं विचारलं, "आणि त्याची हद्द दक्षिणेला कुठवर येते?" मग पुन्हा सुरू.

मीही रडलो. ते मात्र मला ठरवावं लागलं नाही.

पेटीवरचा मजकूर लिहून थेट खरेदीदार कंपनीला दिला. तुला पाठवत नाही. कविता आधी वाचकाकडे जावी. पेट्या कालच्या बोटीनं गेल्या.

बंद समुद्रावर पहारा कडक आहे. कुणाचा कुणावर विश्वास नसल्यामुळे सगळं गाव तिथेच जाऊन बसतं. बाकीचा समुद्र ओस पडलाय. म्हणजे तुझ्या योजनेपेक्षाही जास्त समुद्र विश्रांती घेतोय.

तुझा,
खलीफाकाका


स्फाक्स,
१९ नोव्हेंबर

काका,

आज सकाळी मी कचेरीत पाऊल टाकलं आणि सगळे उभे राहिले. शिपायानं माझी पिशवी घेतली. साहेब, ज्यांनी मला कधी बस म्हटलं नव्हतं, खुर्ची ओढून म्हणाले, "रबाब, अशा प्रसंगात तू कामावर आलीस, कमाल आहे." टाइपिस्ट मिठी मारून रडली. तिला रडताना बघून मीही रडले, काका. पुरती पाच मिनिटं मी रडले आणि मला माहीत नव्हतं कोण गेलं.

मग साहेबांनी कायदा विभागाचा कागद पुढे केला. 'मरहूम हमादी यांची कन्या व सहवारस यांनी सही करावी.' आणि खरेदीदार कंपनीनं छापलेला तुमचा मजकूर:

*हमादीचा समुद्र निजला आहे, त्याला उठवू नका.*
*दोर आणायला गेलेला मरहूम भाऊ परतला नाही;*
*मडक्यांनी मात्र तोंडं उघडी ठेवली आहेत, अजून, अजूनही, तो येईल त्या वाटेकडे, उघडीच ठेवली आहेत.*

मालक गावात नसतो म्हणे!

बाबा मी शाळेत असताना सकाळच्या बोटीनं स्फाक्सला मडक्यांसाठी दोर आणायला गेले आणि आले नाहीत. आईनं वर्षानुवर्षं त्यांना शिव्या दिल्या, पण वर्तमानकाळात. 'होता' असं ती एकदाही म्हणाली नाही. आणि तुम्ही त्यांना एका गुरुवारी, सवड बघून मारलंत?

मला खरं सांगा. तुम्हाला काही कळलंय का? की नुसतं ऑक्टोपसच्या सोयीसाठी?

मी सही करणार नाही. साहेबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, मृत्यूचा दाखला आणा, नाहीतर मालकाला आणा. दोन्हीपैकी एक ३१ डिसेंबरच्या आत. नाहीतर पट्टा जाळेवाल्या कंपनीला. तिचा माणूस बाहेरच बसला होता. त्यानंही माझं सांत्वन केलं.

रबाब


केरकेन्ना बेट,
४ डिसेंबर

पोरी,

काही कळलेलं नाही. अल्लाची शपथ, काही नाही.

तुला विचारायला हवं होतं. पण तू 'हो' म्हणशील की 'नाही', या दोन्हींची मला भीती वाटली.

तुझं पत्र आल्या दिवशी सभा बोलावली. म्हणालो, "हमादीला पुन्हा जिवंत करायचा आहे." फरजानी म्हणाला, "मास्तर, आता ते कसं जमणार? जेवण झालंय."

"जेवण झालं म्हणून माणूस मेलेलाच राहिला पाहिजे?"

"मग खाल्लेलं कुसकुस परत काढून देऊ का?"

सालम म्हणाला, "जिवंत असता तर स्वतःच्या चाळिसाव्याला आला नसता? हमादीनं कधी जेवण चुकवलंय?" महबूबाखालानं बजावलं, की तिचा गळा आठवडाभर बसला होता आणि फुकट बसलेला तिला चालणार नाही. शेवटी मतदान घेतलं. हमादी एका मतानं मेलेलाच राहिला. ते एक मत सालमचं. तो नंतर म्हणाला, त्याला वाटलं ठराव जेवणाबद्दल आहे.

दाखल्याचं म्हणशील, तर डॉक्टर प्रेत मागतो. फार हटवादी माणूस आहे.

आणि या सगळ्यात तुझी योजना मात्र यशस्वी होते आहे, हेच दुःख. पूर्वेच्या तुकड्यात ऑक्टोपस असे वाढलेत, की जागा पुरत नाही. एकानं सालमचा बूट घेतला. परवा मी पहाऱ्यावर होतो, होडीच्या कडेला वाकून चहाची किटली विसळत होतो. हातातून सुटली. खाली बघतो तर एक तुकतुकीत, विटकरी रंगाचा गृहस्थ आधीच तिच्यात बसून झाकण ओढून घेत होता. मी आकड्यानं उचलायला गेलो तर सगळ्या होड्यांतून आरडाओरडा: "मास्तर, नियम!" बंद समुद्रातलं, ऑक्टोपस आत असलेलं कुठलंही भांडं वर काढायचं नाही, हे कलम मीच लिहिलं होतं. आता चहा शेजारी पितो.

संध्याकाळी तिथे पाणी इतकं नितळ असतं, की तळाशी माझी किटली दिसते आणि पलीकडे हमादीची जुनी मडकी. दोर कुजून गेलेत. मडकी तशीच आहेत. प्रत्येकात कुणीतरी राहतंय. त्याच्याशिवाय इतकं भरलेलं घर मी पाहिलं नाही.

काहीतरी सुचव.

तुझा,
खलीफाकाका


स्फाक्स,
१५ डिसेंबर

काका,

किटलीचं वाचून बसमध्ये एकटीच हसले. मग तुमचं मडक्यांचं वाक्य पुन्हा वाचलं आणि एक थांबा पुढे गेले.

राग गेलेला नाही. पण मलाही दोन्ही उत्तरांची भीती वाटली असती.

सुचवण्यासारखं काही नाही. साहेब ३१ तारखेला दुपारी फाइल बंद करणार. कंपनीच्या माणसानं जाळ्याचा नमुना टेबलावर आणून ठेवलाय. त्यात कचेरीचं मांजर अडकलं होतं.

त्यातच नवीन डोकेदुखी. सिसिलीतल्या माझारा बंदरातल्या एका गोदामातून खरेदीदार कंपनीकडे तक्रार आली आहे. कुणी हमाल आहे. पेटीवरची हकिकत धादांत खोटी आहे, म्हणतो, आणि लिहिणाऱ्याला हे शाळेपासून सांगत आलो तरी तो दर वेळी तिसरी ओळ लांबवतो, म्हणतो. कंपनी घाबरली. तिनं दिलगिरी व्यक्त करून त्याला दोन किलो ऑक्टोपस भेट पाठवला, तर त्यानं तो 'फार बेचव, यंत्रात मऊ केलेला' म्हणून परत केला. तिकडे इतके चिकित्सक लोक असतात हे मला माहीत नव्हतं.

कृपा करून एक साधा दुरुस्त मजकूर लिहा. कवितेशिवाय. निदान पेट्या तरी विकल्या जाऊ देत.

रबाब


केरकेन्ना बेट,
२८ डिसेंबर

चि. रबाब,

दुरुस्त मजकूर लिहायला सकाळपासून बसलो आहे. 'हा ऑक्टोपस मडक्यात धरला.' यापुढे पेन सरकत नाही. खरं तेवढंच लिहायचं, तर फार थोडं उरतं.

मात्र कोण हा उद्धट सिसिलीकर? तिसरी ओळ लांबते म्हणे! ती लांबतेच, कारण तिथे माणूस थांबून वाट बघतो. आमच्या वर्गात हे कुणालाच कळायचं नाही. हमादी तर मागच्या बाकावरून मोठ्यानं म्हणायचा, "खलीफा, ओळ आहे की दोर?" मास्तर त्याला बाहेर उभा करायचे आणि तो बाहेरून म्हणायचा.

काल फरजानीनं आपली मडकी घरी आणून अंगणात पालथी घातली. सालमनंही. महबूबाखाला मात्र पाण्यात उभी होती. म्हणाली, "जाळं आलं तर माझ्या पायांत अडकेल आणि मी हलणार नाही." मी पूर्वेच्या तुकड्याजवळ गेलो. कूड वाऱ्यानं वाकलाय. तीन दिवसांनी तिथे तळ खरवडणार. किटलीतल्या त्या बिचाऱ्याला कसं सांगू? त्यानं झाकण लावून घेतलंय, त्याला वाटतं आपण सुरक्षित.

तुझ्या साहेबांना सांग, की केरकेन्नाच्या

थांब. दार वाजतंय. शेजारची चहासाठी हाक मारायला आली असेल.

रबाब, ती कधी दार वाजवत नाही, सरळ आत येते.

दोन घाईचे. मग एक उशिराचा.

पुन्हा. दोन घाईचे, मग एक उशिराचा.

पेन हातात तसंच घेऊन दार उघडलं. बाहेर एक पिकल्या मिशांचा माणूस, अंगावर माझाराच्या गोदामाचा निळा डगला, मुठीत चुरगळलेला माझा मजकूर. खांद्यावर दोराचं भलंमोठं वेटोळं, नवंकोरं, अजून कागदाची पट्टी न काढलेलं. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून आत चुलीकडे. "किटली कुठाय?" म्हणाला.

मी मालकाच्या सहीचा कोरा कागद पुढे धरला, रबाब, दुसरं काही सुचलं नाही.

त्यानं दोर उंबऱ्यावर उतरवला. "स्फाक्सला हवा तसा मिळेना," तो म्हणाला. "जरा पुढे जावं लागलं."